मिरजेत घडलेली घोडी बदलू का?

पत्राचा गोषवारा: पत्रलेखिका पुण्यात राहतात. त्यांच्या वडिलांनी १९७१ साली मुंबईत एका गोवेकर वादकाकडून हॉफनर या जर्मन कंपनीची जुनी गिटार विकत घेतली. ती आर्चटॉप प्रकारची, म्हणजे व्हायोलिनसारखी फुगीर तबली (वरची फळी) आणि एफ आकाराच्या दोन खाचा असलेली. सांगलीच्या एका ऑर्केस्ट्रात वडिलांनी ती बरीच वर्षे वाजवली. एका दौऱ्यात एसटीच्या टपावरून उतरवताना तिचा ब्रिज, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती घोडी, फुटला, तेव्हा मिरजेच्या एका सतारमेकरांनी शिसवीची नवी घोडी घडवून दिली आणि तीच आजवर चालली. गेली वीस वर्षे गिटार केसमध्ये बंद होती. आता तारा पिळण्याच्या सहापैकी चार कीजची बटणे हात लावताच भुगा होऊन पडतात, तारांची खालची टोके अडकतात त्या टेलपीसच्या बिजागरीला चीर गेली आहे, तबलीला ओरखड्यांपासून जपणारे पिकगार्ड वाकडे होऊन तडकले आहे आणि केस उघडली की कापरासारखा उग्र वास येतो. बर्मिंगहॅमला राहणाऱ्या भावाने तिथे हॉफनरच्या ‘प्रेसिडेंट’ या मॉडेलचा जुना संच शोधला आहे, ज्यात ब्रिज, टेलपीस, कीज आणि पिकगार्ड असे सारे आहे आणि किंमत ४२० पौंड आहे. पुण्यातले दुरुस्ती करणारे गृहस्थ मात्र म्हणतात की, कीजची भोके मोठी करून नव्या कीज आणि धातूचा ब्रिज बसवू, आठ दिवसांत काम होईल. वडील सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. ते रोज केस उघडून पाहतात आणि “राहू दे, कशाला खर्च” म्हणून मिटून ठेवतात. पाडव्याला गिटार ‘मूळची होती तशी’ त्यांच्या हाती द्यावी, ही पत्रलेखिकेची इच्छा आहे. अस्सल सुट्या भागांसाठी इतका खर्च करावा का, आणि मिरजेची घोडी काढून टाकावी का, असे त्यांनी विचारले आहे.

ताई,

तुम्ही विचारलेल्या दोन्ही प्रश्नांकडे मी येणारच आहे, पण त्याआधी तुम्ही ओझरत्या लिहिलेल्या एका वाक्याबद्दल बोलायला हवे, कारण त्याला पाडव्यापर्यंत थांबता येणार नाही. केस उघडली की कापराचा वास येतो, असे तुम्ही लिहिता. त्या काळातली बहुतेक पिकगार्ड सेल्युलॉइडची असत आणि सेल्युलॉइड हे नायट्रोसेल्युलोज व कापूर यांच्या मिश्रणातून बनते. जुने झाले की ते आतून विघटित होऊ लागते आणि त्यातून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड वायू हवेतल्या ओलाव्याशी मिळून आम्ल तयार करतात. बंद केसमध्ये या वायूंना बाहेर पडायला वाट नसते, त्यामुळे ते पिकगार्डचाच नाश आणखी वेगाने करतात आणि शेजारचे स्क्रू, तारा, टेलपीस, कीजची दातेरी चाके यांच्यावरही गंज चढवतात. तुमच्या कीजची बटणे भुगा होऊन पडत आहेत, त्यामागेही बहुधा हेच दुखणे आहे.

तेव्हा आजच पिकगार्डचे स्क्रू सोडवा, ते कागदावर ठेवून त्याची बाह्यरेषा पेन्सिलीने गिरवून घ्या, स्क्रूच्या भोकांच्या खुणा करा, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा आणि मग ते पिकगार्ड हवेशीर जागी, गिटारीपासून दूर ठेवा. सेल्युलॉइड भसकन पेटते, म्हणून ते देवघरातल्या समईजवळ किंवा स्वयंपाकघरात ठेवू नका. बटणांचा भुगा मऊ ब्रशने झाडून काढा. केस दोन-चार दिवस सावलीत उघडी राहू द्या, पण गिटार उन्हात ठेवू नका. यासाठी खर्च काही नाही, आणि भावाने पाठवलेला महागडा टेलपीस उद्या त्याच केसमध्ये राहणार असेल, तर याच्याआधी दुसरे काहीही करण्यात अर्थ नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. ‘मूळची होती तशी’ या शब्दांपाशी मी थोडी थांबले. मूळची म्हणजे केव्हाची? जर्मनीतल्या कारखान्यातून निघाली तेव्हाची, गोव्याच्या त्या वादकाने मुंबईत वाजवली तेव्हाची, की तुमच्या वडिलांनी सांगलीत रात्र-रात्र वाजवली तेव्हाची? भावाने शोधलेला संच पहिल्या अर्थाने मूळचा आहे. पण वडिलांच्या आठवणीतली गिटार बहुतेक मिरजेच्या घोडीवरच वाजत होती. तुम्ही पत्रात त्या घोडीचा उल्लेख उणीव म्हणून केला आहे, आणि इथे मला तुमच्याशी थोडे असहमत व्हावेसे वाटते.

हॉफनर गिटारी ज्या परिस्थितीत घडल्या ती पाहिली, तर ‘अस्सल’ या शब्दाचा ताठरपणा थोडा कमी होईल. कार्ल हॉफनर यांनी १८८७ मध्ये शोनबाख या गावी हा व्यवसाय सुरू केला. ते गाव आज चेक प्रजासत्ताकात आहे आणि त्याचे नाव लुबी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या जर्मन भाषिकांना घरेदारे सोडून निघावे लागले. त्यांत वाद्ये घडवणारी शेकडो कुटुंबे होती आणि त्यांतल्या अनेकांनी बव्हेरियात एर्लांगेनजवळच्या बुबेनरॉइट या छोट्या गावी पुन्हा संसार मांडला. हॉफनरचा कारखानाही १९५०च्या दशकाच्या आरंभी तिथेच उभा राहिला. गिटारी बनवणारी फ्रामुस, होयर, क्लिरा ही नावेही याच परिसरातली आहेत. कीज, टेलपीस, बटणे अशा वस्तू या मंडळींना बाहेरच्या छोट्या कारखानदारांकडून मिळत, आणि एकाच मॉडेलच्या दोन गिटारींवर वेगवेगळ्या कीज दिसणे यात नवल नसे. म्हणून तुमच्या गिटारीला शोभेल असा टेलपीस फ्रामुस किंवा क्लिराच्या एखाद्या मोडक्या गिटारीवरही सापडू शकतो, आणि हॉफनरचे नाव नसल्यामुळे तो पुष्कळ स्वस्त मिळतो.

आपल्याकडे तर या प्रकारच्या गिटारीने आणखी लांबचा पल्ला गाठला. पंडित ब्रिजभूषण काब्रा यांनी गिब्सन कंपनीची सुपर ४०० ही आर्चटॉप घेतली, तिच्या तारा उंच उचलल्या, साथीची तार जोडली आणि ती मांडीवर आडवी ठेवून हिंदुस्थानी राग वाजवले. विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणाही आर्चटॉपमध्येच बदल करून घडलेली आहे. बदल झालेले वाद्य खोटे ठरते, असे या मंडळींपुढे कोण म्हणेल? मिरजेच्या कारागिराने तुमच्या वडिलांचा पुढचा कार्यक्रम वाचवण्यासाठी जी शिसवी कोरली, ती त्या गिटारीच्या आयुष्याचा भाग आहे, असे मी मानते.

याचा अर्थ भावाने शोधलेला संच घेऊच नये असा नाही. पण तो घेण्याआधी तुमची गिटार नेमकी कोणती, हे ठरवायला हवे, आणि इथे एक गृहीतक तपासले पाहिजे. ‘प्रेसिडेंट’, ‘सेनेटर’, ‘कमिटी’ ही नावे ब्रिटनमधल्या विक्रीसाठी होती. तिथे हॉफनरच्या गिटारी सेल्मर ही कंपनी आयात करत असे आणि त्यांना ही नावे तीच देई. उरलेल्या जगात त्याच कारखान्याच्या गिटारी ४५५, ४५६, ४५७ अशा आकड्यांनी विकल्या जात. सेल्मरमार्फत आलेल्या गिटारींच्या लेबलावर सहसा अनुक्रमांक असतो, इतरांवर बहुधा नसतो. तुम्ही लिहिता की डावीकडच्या खाचेतून मोबाइलच्या टॉर्चने पाहिल्यावर लेबलावर ४ आणि ५ हे दोनच अंक वाचता येतात आणि बाकी पुसट आहे. म्हणजे तुमची गिटार ब्रिटनच्या बाजारातून न येता दुसऱ्या वाटेने मुंबईला पोहोचली असण्याची शक्यता जास्त. ती ‘प्रेसिडेंट’ नसेल, तर त्या संचातली घोडी उंचीला आणि टेलपीस लांबीला जुळेलच, याची खात्री कोणी देऊ शकत नाही. त्याच मोबाइलने लेबलाचा फोटो तिरप्या उजेडात काढून पाहा. पुसट शाई अशा उजेडात कित्येकदा वाचता येते.

कोणताही भाग विकत घेण्याआधी गिटारीची मान तपासून घ्या. या एका सल्ल्यासाठी मी बाकी सगळे सोडून द्यायला तयार आहे. आर्चटॉपमध्ये मान, घोडी आणि टेलपीस हे तिन्ही एकमेकांवर अवलंबून असतात. तारांच्या सततच्या ओढीने मान कित्येक वर्षांत पुढे झुकते, मग घोडी खाली करावी लागते, आणि ती अगदी तळाला टेकली तरी मानेवरच्या बाराव्या फ्रेटवर (धातूच्या आडव्या पट्टीवर) तारा उंचच राहतात. अशा गिटारीला नवी घोडी आणून काही उपयोग होत नाही, आधी मानेचा कोन दुरुस्त करावा लागतो. त्यानंतर घोडीची उंची बदलते, घोडीची उंची बदलली की टेलपीसवरून येणाऱ्या तारांचा कोन बदलतो, आणि आज मोजून मागवलेले भाग उद्या निकामी ठरतात.

तपासणी अवघड नाही. चीर गेलेल्या टेलपीसवर नको, पुढे सांगितलेला तात्पुरता टेलपीस लावून, जुन्या का होईना, दोन टोकांच्या तारा बेताने चढवा आणि जाड तार पहिल्या फ्रेटवर व मान जिथे खोक्याला मिळते त्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. मधोमध, सातव्या फ्रेटच्या आसपास, तार आणि फ्रेट यांच्यामध्ये पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट दिसली, तर मान सरळ आहे. आडवी आगकाडी सरकवावी एवढी जागा दिसली, तर मान वाकली आहे. १९५०च्या दशकातल्या बऱ्याच जर्मन गिटारींना आतून जुळवता येणारा ट्रस रॉड, म्हणजे मानेतली लोखंडी सळई, नसतो, त्यामुळे अशी मान पान्याने सरळ करता येत नाही आणि जाणकाराकडे न्यावी लागते. मग बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची मोजा. साधारण दोन-अडीच मिलिमीटर असेल, तर सत्त्याहत्तर वर्षांच्या बोटांनाही ती पेलेल. शेवटी तबलीवर आणि पाठीवर बोटाच्या पेराने हलके टकटक करत फिरा. कुठे झरझर किंवा सुटा आवाज आला, तर आतली एखादी पट्टी सुटलेली असेल. ती चिकटवायची झाली तर कारागिराला सरसच वापरायला सांगा, कारण सरस उष्णता आणि ओलाव्याने पुन्हा सोडवता येतो. पांढऱ्या गोंदाने किंवा झटपट चिकटणाऱ्या गोंदाने केलेला सांधा पुढच्या कारागिराच्या जिवावर येतो.

मान ठीक असेल असे धरून कीजकडे येते. पुण्यातल्या गृहस्थांनी भोके मोठी करण्याचा जो उपाय सुचवला आहे, त्याला मी ठामपणे नको म्हणेन. जुन्या पट्टीच्या, म्हणजे एकाच धातूच्या पट्टीवर जोडलेल्या, कीजचे खुंट साधारण सहा मिलिमीटर जाडीचे असतात आणि आजच्या बंद डबीच्या कीजना दहा मिलिमीटरचे भोक लागते. ते पाडले की काढलेले लाकूड परत येत नाही. माझ्या स्वतःच्या एका जुन्या गिटारीचे डोके मी तरुणपणी असेच एका दुकानात भोके पाडायला दिले होते. काम स्वच्छ झाले, कीज छान फिरल्या, पण नव्या कीजच्या वजनाने गिटार डोक्याकडे झुकू लागली, आणि पुढे जुनी पट्टी पुन्हा बसवायची ठरवली तेव्हा प्रत्येक भोकात लाकडाची नळी घालून ते बुजवावे लागले. तिच्या डोक्यावरची ती सहा वर्तुळे आजही मला दिसतात.

मुळात तुमच्या कीज खराब झाल्या आहेत का, हाच प्रश्न आहे. तुमच्या वर्णनावरून बटणे गेली आहेत. दातेरी चाके आणि मळसूत्र शाबूत असेल, तर फक्त बटणे बदलता येतात. अशी सुटी बटणे मिळतात. उरलेला प्लास्टिकचा अंश खरवडून काढायचा, कीचा दांडा सोल्डरिंग गनने तापवायचा आणि बटण त्यावर सरळ दाबून बसवायचे. दांडा तापला की बटणाचे प्लास्टिक आतून मऊ होते आणि थंड झाल्यावर ते दांड्याला घट्ट धरते. काम दहा मिनिटांचे आहे, पण एक बटण आधी वाया घालवून हात बसवावा. दात झिजले असतील आणि सगळी पट्टीच बदलायची असेल, तर एका खुंटाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचे अंतर व्हर्नियर कॅलिपरने मोजा. आज सर्रास मिळणाऱ्या पट्टीत हे अंतर ३५ मिलिमीटर असते, जुन्या जर्मन पट्टीत ते वेगळे असू शकते, आणि एका मिलिमीटरचा फरकही खुंट भोकात अडकवायला पुरेसा असतो. मळसूत्र दातेरी चाकाच्या वर आहे की खाली, हेही पाहून ठेवा, कारण ते उलट आले तर की फिरवण्याची दिशा उलटते, आणि आयुष्यभर एका दिशेने स्वर चढवलेल्या हाताला हा बदल फार जाचतो.

टेलपीसच्या बाबतीत दुरुस्ती हा पहिला पर्याय धरा. सहा तारांची एकत्रित ओढ सुमारे ७० किलोपर्यंत जाते, त्यामुळे चीर गेलेल्या बिजागरीवर तारा चढवणे धोक्याचे आहे. ती तुटली तर टेलपीस उसळून तबलीवर आदळतो. पण चीर पितळेत किंवा पोलादात असेल, तर चांदीचा डाख देणारा चांगला कारागीर ती जोडू शकतो. कथलाचा साधा डाख या ओढीला टिकत नाही. तुम्ही पुण्यात आहात, तेव्हा सोनारकाम करणाऱ्या किंवा कसब्यातल्या तांबट आळीतल्या एखाद्या जाणत्या हाताला तो दाखवून पाहा. टेलपीस अर्थातच गिटारीवरून उतरवून द्यायचा, आणि त्याला नवा मुलामा देण्याची घाई करायची नाही. दुरुस्ती होईपर्यंत गिटार वाजती ठेवायची असेल, तर आपल्याकडच्या स्वस्त गिटारींना लागणारा साधा टेलपीस वाद्यांच्या दुकानात थोडक्या पैशांत मिळतो. तो तळाच्या जुन्याच स्क्रूच्या भोकांत बसत असेल तरच लावा, नवे भोक पाडू नका.

आता घोडीकडे येऊ. आर्चटॉपची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबाने ती जागेवर उभी असते. तिचा तळ तबलीच्या फुगीरपणाशी तंतोतंत जुळला, तरच तारेचे कंपन लाकडात नीट उतरते. म्हणूनच ‘अस्सल हॉफनर ब्रिज’ म्हणून विकत घेतलेली कोणतीही घोडी आहे तशी बसत नाही, कारण ती दुसऱ्या गिटारीच्या फुगीरपणाला घासलेली असते. तिचा तळ तुमच्या तबलीवर पुन्हा घासावाच लागतो, आणि तसा तो घासला की भावाने ज्या अस्सलपणासाठी पैसे मोजले, त्याचा काही भाग पॉलिश पेपरच्या धुळीत जातो. घासायची पद्धत अशी आहे: घोडी जिथे उभी राहते तिथे तबलीवर बारीक पॉलिश पेपर खरखरीत बाजू वर करून पसरायचा, कडा चिकटपट्टीऐवजी दुसऱ्याच्या हाताने धरून ठेवायच्या, म्हणजे जुने पॉलिश उचलले जात नाही, आणि घोडी त्यावर हलक्या हाताने पुढेमागे सरकवायची. हात डगमगला की तळ गोल होतो. दर काही फेऱ्यांनंतर घोडी उचलून तळ पाहायचा. जिथे नवे ओरखडे नाहीत, तिथे ती अजून टेकत नाही.

आता तुमची मिरजेची घोडी या कसोटीला लावा. तारा चढलेल्या असताना घोडीच्या तळाखाली पातळ कागदाची पट्टी सरकवून पाहा. ती कुठूनही आत शिरली नाही, तर त्या कारागिराने काम चोख केले आहे आणि कोणत्याही दुकानातली घोडी त्याच्या जवळपासही येणार नाही. माझा अंदाज आहे की पट्टी शिरणार नाही, कारण ज्यांनी आयुष्यभर सतारीच्या जवारीवर (घोडीच्या झणकार देणाऱ्या माथ्यावर) कानस चालवली, त्यांना एवढी फट सहन होत नाही.

एका बाबतीत मात्र सतार आणि गिटार यांचा स्वभाव वेगळा आहे. सतारीची घोडी वरून रुंद असते आणि तार तिच्यावर पसरून टेकते, त्यातूनच जवारी येते. गिटारीची तार मात्र एका स्पष्ट कडेवरून सुटावी लागते, आणि ही कडही सहाही तारांसाठी एका रेषेत चालत नाही. प्रत्येक तारेची जाडी वेगळी, म्हणून प्रत्येकीची लांबी थोडी वेगळी लागते. हॉफनरच्या जुन्या घोड्यांत त्यासाठी लाकडातल्या खाचांत फ्रेटच्या तारेचे छोटे तुकडे मागेपुढे बसवलेले असतात. मिरजेच्या घोडीत ही सोय आहे का, हे कानाने कळते. बाराव्या फ्रेटवर तारेला बोट नुसते टेकवून छेडा, तो हार्मोनिक स्वर ऐका आणि मग त्याच फ्रेटवर तार दाबून वाजवा. दोन्ही एकच आले तर तार जुळली. दाबलेला स्वर चढा आला तर घोडी त्या बाजूने किंचित मागे, टेलपीसकडे सरकवा, उतरा आला तर पुढे. एवढे करूनही फक्त तिसरी तार बेसूर राहत असेल, तर घोडीला दोष देण्याआधी तारांचा संच पाहा. या गिटारींची रचना वळलेल्या, म्हणजे वर बारीक तार गुंडाळलेल्या, तिसऱ्या तारेसाठी असते आणि इलेक्ट्रिक गिटारीच्या संचातली साधी तिसरी तार त्यांच्यावर सुरात येत नाही. हे करूनही सूर लागला नाही, तर मिरजेच्या घोडीला कानस लावू नका. तिच्या तळाचे माप घेऊन दुसरी घोडी घडवून घ्या. सतारमेकरांची परंपरा मिरजेत आजही जिवंत आहे, आणि गिटार सोबत घेऊन गेलात तर तबलीचा फुगीरपणा समोर ठेवून घोडी करता येते. खालचा भाग शिसवीचा, वर हाडाची पट्टी, आणि त्या पट्टीवर प्रत्येक तारेसाठी वेगळी कड, असे समजावून सांगा.

घोडीची प्रतिकृती इंग्लंडमध्ये करून घ्यावी, असाही विचार तुमच्या भावाने मांडला आहे. त्यासाठी घोडी पोस्टाने पाठवू नका. तिच्या माथ्यावरची पांढरी पट्टी साध्या हाडाची असेल किंवा सांबरशिंगाची. जुने सतारमेकर सांबरशिंग वापरत असत, आणि आज त्याच्या व्यापारावर आपल्या वन्यजीव कायद्यान्वये बंदी आहे. कस्टममध्ये ती अडकली तर परत मिळणे कठीण. लागलेच तर कागदावरची रेखाटने आणि मापे पाठवा. उलट दिशेने, म्हणजे तिकडून शिसवीचे भाग मागवताना, फारशी अडचण येऊ नये. २०१७ मध्ये शिसवीच्या सगळ्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रित यादीत आल्या होत्या, पण २०१९च्या नोव्हेंबरपासून तयार वाद्ये आणि वाद्यांचे तयार भाग त्यातून वगळले गेले. ब्राझीलची शिसवी मात्र १९९२ पासून कडक बंदीखाली आहे आणि तिला ही सवलत नाही, म्हणून विक्रेत्याने ‘ब्राझिलियन’ असे अभिमानाने लिहिले असेल तर तो भाग सोडून द्या. कस्टमचे शुल्क किमतीवर वेगळे पडेल, हे हिशेबात धरा.

भावाला माझा निरोप असा द्या की, पूर्ण संच घेऊ नये. त्या विक्रेत्याकडचे जुने पिकगार्डही सेल्युलॉइडचेच असण्याची दाट शक्यता आहे, आणि तसे असेल तर तुम्ही पैसे देऊन तेच दुखणे पुन्हा घरात आणाल. पिकगार्ड तुमच्या गिरवलेल्या आकृतीवरून अॅक्रिलिकचे किंवा पातळ शिसवीचे इथेच कापून घ्या. टेलपीस जोडता आलाच नाही, तर तेवढा एकटा शोधावा. शोधताना इंग्रजीबरोबर जर्मन शब्दही रोमन लिपीत टाकून पाहावेत. आर्चटॉपला तिकडे ‘श्लागगिटारे’ म्हणतात, टेलपीसला ‘झाइटेनहाल्टर’, घोडीला ‘श्टेग’, कीजना ‘मेखानिकेन’ आणि पिकगार्डला ‘श्लागब्रेट’. जर्मनीतले अनेक छोटे विक्रेते इंग्रजीत जाहिरात देतच नाहीत, आणि त्यामुळे त्यांच्याकडची किंमत पुष्कळदा माफक असते. खरेदीआधी विक्रेत्याकडून मोजपट्टीसह फोटो मागवावा आणि टेलपीसच्या बाबतीत तळाच्या स्क्रूच्या भोकांपासून तारा अडकतात त्या टोकापर्यंतची लांबी विचारावी. हे माप द्यायला जो तयार नसेल, त्याच्याकडून घेऊ नये.

तुमच्या गिटारीचा जो जो भाग उतरेल, तो मोडका असला तरी फेकू नका. स्क्रूसुद्धा प्रत्येक भागाचे वेगवेगळ्या पुडीत बांधून, वर नाव लिहून सगळे एका डब्यात ठेवा. फक्त सेल्युलॉइडचे तुकडे त्या डब्यात नकोत.

पाडव्याची तारीख तुम्ही मनाशी पक्की केली आहे, म्हणून मी दुकानांची नावे किंवा किमती देण्याऐवजी कामांचा क्रम सांगितला. मान ठीक निघाली तर बटणे, टेलपीसचा डाख आणि नव्या तारा एवढ्यावर गिटार सहज वाजती होईल, आणि हा खर्च ४२० पौंडांच्या आसपासही जाणार नाही. मान ठीक निघाली नाही, तर पाडव्याचा हट्ट सोडा. घाईत बसवलेली मान पुढच्या पावसाळ्यात पुन्हा सुटते. तारा चढवताना आधी हलक्या गेजच्या, म्हणजे पातळ, अकरा नंबरच्या घ्या. जुन्या खोक्यावर ताण कमी पडेल आणि वडिलांच्या बोटांनाही त्या सोसतील.

शेवटची गोष्ट वडिलांबद्दल. ते “राहू दे” म्हणतात आणि तरीही रोज केस उघडतात, असे तुम्ही लिहिले आहे. हे सारे तुम्ही त्यांच्यापासून लपवून, भेट म्हणून करू पाहता आहात. पण या गिटारीबद्दल तुमच्या भावाला, त्या विक्रेत्याला आणि मलाही जे माहीत नाही, ते त्यांना माहीत आहे. घोडी नेमकी कुठे उभी असायची, ते कोणत्या तारा लावत, मिरजेहून आल्यावर आवाज कसा बदलला, हे त्यांना विचारा. ते प्रश्न ‘दुरुस्त करू का’ असे विचारू नका, कारण त्याला खर्चाचे उत्तर येईल. पिकगार्ड काढायला बसाल तेव्हा स्क्रू धरायला त्यांनाच शेजारी बसवा. आणि घोडीखाली कागदाची पट्टी सरकवायची वेळ येईल, तेव्हा ती त्यांच्या हातात द्या.